माकडाला एक गुण

बालीहून परत येऊन चार दिवस झाले तरी चारुताने बॅगा घरात घेतल्या नव्हत्या. तिन्ही बॅगा बाल्कनीत तोंडं उघडी टाकून आइंडहोवनच्या ऑक्टोबरातल्या वाऱ्यात कुडकुडत पडल्या होत्या. ढेकूण थंडीने मरतात असं तिने कुठेतरी वाचलं होतं. किती थंडीने आणि किती दिवसांत, ते वाचायचं राहून गेलं होतं, म्हणून ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी टॉर्च घेऊन एकेक शिवण तपासायची. "निघाला का एखादा?" असं नवरा देवदत्त दात घासता घासता विचारायचा. खरं सांगायचं तर एखादा निघाला असता तर तिला बरंच वाटलं असतं. निदान मेहनतीचं चीज झालं असतं.

बाईला स्वस्थ बसणं माहीत नाही. देवदत्तच्या मागोमाग ती या गावात आली तेव्हा पहिली दोन वर्षं घरी बसावं लागलं, त्यात तिने घरातल्या प्रत्येक डब्यावर आतल्या जिन्नसाची तारीख लावून ठेवली. मग तिला नोकरी लागली ती नेमकी अशा कामाची, की जणू नोकरीनेच तिला शोधून काढलं. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काय काय बिघडू शकेल याचे तक्ते करायचे. बिघाड किती गंभीर, किती वेळा होईल, आणि झाला तर आपल्या लक्षात येणं किती अवघड. प्रत्येकाला एक ते दहा गुण, तिन्हींचा गुणाकार, आणि ज्याचा आकडा मोठा त्याची काळजी आधी.

शरदाच्या सुट्टीत बालीला जायचं ठरल्यावर तिने तसाच तक्ता त्या बेटावरच्या जीवजंतूंचा केला. डासांचा आकडा तीनशेच्या वर गेला, म्हणून मच्छरदाण्या आणि मलमाच्या सहा नळ्या. जेलीफिशसाठी व्हिनेगरची बाटली. समुद्रातल्या काटेरी साळूंसाठी जाड तळव्याचे बूट आणि चिमटा. विंचू निळ्या उजेडात चमकतो म्हणून निळा टॉर्च. घोण, ढेकूण, वाळूतल्या माश्या, सगळ्यांना मानाच्या जागा मिळाल्या. माकडाला गंभीरपणाचे दहा पैकी दहा होते, कारण चावलं तर रेबीज. पण लक्षात येण्याच्या रकान्यात तिने एक लिहिला होता. माकडाने बोचकारलं तर ते कळायचं राहील का कुणाला? गुणाकार चाळीस झाला, माकड यादीच्या तळाला गेलं, आणि रेबीजची लस आधीच घेऊन ठेवायची का, हा प्रश्न तिथेच मिटला.

प्रवासात तिने तिघांचे बूट रोज सकाळी झटकले. रात्री छतावरची पाल 'टोके, टोके' ओरडायला लागली की ती उठून बसायची. नऊ वर्षांची हिमानी त्या पालींना एकेक नाव देत होती आणि साखरेवर आलेल्या मुंग्यांच्या रांगेला वाट करून देत होती. देवदत्त तर चारुताला 'आपत्ती व्यवस्थापन' म्हणूनच हाक मारायचा. तिसऱ्या दिवशी ते माकडांच्या देवळाला गेले. माकडांना चारुता लहानपणापासून घाबरते, तेव्हा ती फाटकाबाहेर दोघांचे चष्मे आणि टोप्या सांभाळत बसली. अर्ध्या तासाने बापलेक परत आले. हिमानीचं कोपर खरचटलं होतं. पायरीवरून घसरली, असं देवदत्त म्हणाला. चारुताने मलम लावलं, फुंकर घातली, वर पट्टी लावली.

ही झाली मागची गोष्ट. पुढची गुरुवारी सकाळी अकराला सुरू झाली.

हिमानीचं त्या दिवशी शाळेत भाषण होतं. इथल्या शाळेत मुलांना वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. हिमानीने विषय घेतला होता बालीतले प्राणी, आणि सराव बंद दाराआड केला होता. चारुता मीटिंगमध्ये असताना शाळेच्या ॲपवर बाईंचा डच निरोप आला. 'हिमानीने फारच सुंदर सांगितलं. माकडाने केलेली जखमसुद्धा दाखवली. मुलं थक्क झाली.' खाली फोटो. हिमानी हसत उभी, बाही वर केलेली, आणि बोट त्याच कोपरावर.

चारुताने तो निरोप मराठीत भाषांतर करून पाहिला, मग इंग्रजीत, मग पुन्हा डच वाचला. तिन्ही भाषांत माकड होतं. सत्तावीस मुलांना आणि एका बाईंना माहीत होतं. फक्त तिला नव्हतं. ती "एक्सक्यूज मी" म्हणून उठली आणि पर्स खुर्चीवरच विसरून बाहेर आली.

देवदत्त फोन उचलेना. तो चिपच्या यंत्रांवर काम करतो, आणि त्या खोलीत फोन नेता येत नाही. तिने अकरा वेळा लावला. मधल्या वेळात ती पर्स घ्यायला वर गेली, सायकलपाशी आली, किल्ली वर राहिली म्हणून पुन्हा गेली. बोटांवर दिवस मोजले. सोमवार ते हा गुरुवार, दहा. पुन्हा मोजले, पुन्हा दहाच. शेवटी तोच फोन आला.

"काय झालं? एवढे मिस्ड कॉल?"

"हिमानीला माकडाने बोचकारलं होतं?"

पलीकडे एक दार लावल्याचा आवाज आला.

"अगं, एवढुसा ओरखडा होता."

"रक्त आलं होतं?"

"थोडंसं. पण मी लगेच साबणाने धुतलं, पूर्ण पंधरा मिनिटं. तुझ्याच तक्त्यात लिहिलेलं होतं."

"त्याच्या पुढची ओळ नाही वाचलीस? लगेच लस."

"वाचली. वाटलं, एवढंसं तर आहे. तुला सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे तिकिटं बदलली असतीस, चारू. पोरीची सुट्टी गेली असती. मग एक दिवस गेला, दोन गेले, आणि नंतर सांगायची हिंमतच होईना."

चारुताच्या ओठांवर पुष्कळ आलं होतं. पण तिकिटं तिने खरंच बदलली असती. तिने फोन ठेवला आणि रस्त्यात, सायकलच्या हँडलवर डोकं टेकून, चांगली रडली. एक आजोबा कुत्रं घेऊन चालले होते, ते थांबून काही हवंय का म्हणून विचारून गेले.

मग तिने घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. इथे आधी फोनवर सहायक बाईंशी बोलावं लागतं, आणि ताप आहे का, खातेपिते का, असे प्रश्न येतात. ताप नाही म्हटलं की बहुतेक वेळा घरी थांबायला सांगतात. चारुता भांडायच्या तयारीनेच बोलायला लागली. पण 'बाली' आणि 'माकड' हे दोन शब्द ऐकताच बाईंचा आवाज बदलला. त्यांनी जखम किती मोठी होती तेही विचारलं आणि डॉक्टर परत फोन करतील म्हणाल्या. भांडण तयार होतं आणि कुणी भांडायलाच आलं नाही, त्याने ती आणखी बेचैन झाली.

घरी येऊन ती फोन हातात घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राहिली. कुकर लावला आणि शिट्टी व्हायच्या आत बंद केला. रेबीजची लक्षणं वाचायची नाहीत असं ठरवलं आणि सगळी वाचली. पाणी बघून घाबरणं. सकाळी हिमानीने दूध अर्धंच प्यायलं होतं, त्याचाही अर्थ लावून झाला. पावणेतीनला डॉक्टरांचा फोन आला. त्या शांतपणे बोलल्या. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. लक्षणं दिसण्याआधी लस मिळाली तर मूल वाचतं. पहिली सुई आजच. दुसरं औषध उद्या सकाळी येईल, ते जखमेच्या जागीच टोचायचं असतं, म्हणून आज नीट बघून घेऊ. साडेतीनला या. एवढंच तिने देवदत्तलाही कळवलं.

शाळा सुटल्यावर हिमानी नाचत बाहेर आली. आईचा चेहरा बघितला आणि तिचे पाय थांबले.

"जुफने फोटो पाठवला?" तिने विचारलं. जुफ म्हणजे तिच्या बाई.

"हो."

"इट वॉज टायनी, आई. आर यू अँग्री विथ बाबा?"

"आपण डॉक्टरांकडे चाललोय. एक इंजेक्शन आहे."

"ओके," हिमानी म्हणाली आणि निमूटपणे सायकलचं कुलूप काढलं. एरवी सुई म्हटलं की ही पोर टेबलाखाली शिरते. आज ती हूं की चूं न करता पुढे सायकल चालवत होती आणि दर सिग्नलला मागे वळून आईकडे बघत होती.

डॉक्टर पन्नाशीच्या, उंच, घाई न करणाऱ्या होत्या. त्यांनी हिमानीला टेबलावर बसवून कोपर पाहिलं. मग सावकाश डचमध्ये विचारलं, "खूप दुखलं होतं का?"

हिमानीने आधी आईकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही."

"तू घाबरलीस?"

पुन्हा आईकडे नजर. "नाही."

"आणखी कुठे लागलंय? पाठीवर, डोक्याला?"

तिसऱ्यांदा तेच. आधी आईच्या भुवया, मग आईचे ओठ, मग उत्तर. "नाही."

आपला चेहरा या क्षणी कसा दिसतोय ते चारुताला दिसत नव्हतं, पण हिमानी तो वाचत होती, आणि त्यात जे सापडेल तेवढंच बोलत होती. हे आज सुरू झालेलं नाही, हेही तिला कळलं. 

"मी जरा बाहेर थांबते," ती डॉक्टरांना म्हणाली. "तुम्ही दोघी बोला."

बाहेर दोन खुर्च्या होत्या. ती एकीवर बसली, दुसरीवर बसली, उठून भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचला. देवदत्त अजून वाटेत होता, पाऊस लागलाय असा त्याचा निरोप होता. आतून काही ऐकू येत नव्हतं. दाराला कान लावायची तिला फार इच्छा झाली, आणि तिने हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. सहा मिनिटांनी दार उघडलं आणि डॉक्टरांनी मानेनेच आत बोलावलं.

हिमानी डोकं खाली घालून बसली होती. डॉक्टरांनी तिच्या कानामागचे केस बाजूला केले. तिथल्या कातडीवर तीन ओरखडे होते, बोटाच्या पेराएवढे, खपल्या धरलेले. एकाची खपली मध्येच निघाली होती.

"बाबाला पण नाही माहीत," हिमानी म्हणाली.

बरं झालं कळलं, डॉक्टर म्हणाल्या. डोक्याजवळची जखम सर्वांत महत्त्वाची, उद्याचं औषध आधी इथेच द्यायचं. चारुता ऐकत होती आणि तिला दुसरंच आठवत होतं. गेले दहा दिवस हिमानी स्वतःचे केस स्वतःच विंचरत होती, वेणीला हात लावू देत नव्हती. पोरगी मोठी झाली, असं चारुताने रविवारी पुण्याला आपल्या आईला फोन करून कौतुकाने सांगितलं होतं.

"ही सॅट हिअर," हिमानीने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला, "अँड ही वुडन्ट गो. बाबा फोटो काढत होता. ही वॉज पुलिंग माय हेअर, अँड आय थॉट..." ती थांबली. मान तिरकी करून तिने वर बघितलं, आईकडे.

चारुताला ओरडावंसं वाटत होतं. देवदत्तवर, माकडावर, त्याहून जास्त स्वतःवर. पोरीला उचलून छातीशी धरावं आणि मोठ्याने रडावं असं वाटत होतं. तिने पुढे होऊन ते केस डॉक्टरांच्या हातातून आपल्या हातात घेतले, जखम नीट दिसेल असे बाजूला धरले, आणि भाजीचा भाव विचारावा तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "मग?"

हिमानी थोडा वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"मग आय क्राइड," ती म्हणाली. "खूप."

"हं," चारुता म्हणाली. "मग?"