कापूस कोंबलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. मुठीत मावेन एवढीच, पण आवाजाने गोड. निदान तसा माझा समज होता. त्या समजाला एका दुपारी असा काही तडा गेला की तो धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

माझा जन्म धातू ओतणाऱ्या एका बाईंच्या भट्टीत झाला. साच्यातून काढल्यावर त्यांनी माझी कड कानसीने घासली, आत लोलक अडकवला, कानाजवळ धरून एकदा हलवले आणि मान डोलावून खोक्यात टाकले. तिथून मी डोंगरात चालायला जाणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात आले. माझ्या फळीवर पाटी होती, 'अस्वलांसाठी'. ती वाचून माझ्या तोंडचे पाणीच पळाले! मला वाटले, आता मला अस्वलाच्या गळ्यात बांधणार. मग दुकानदाराने एका गिऱ्हाईकाला समजावले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. "ही पिशवीला लावायची. चालताना वाजत राहते. जनावराला लांबूनच कळतं आणि ते आपणहून बाजूला होतं. दचकलेलं जनावर सगळ्यात वाईट बघा," तो म्हणाला.

एके दिवशी एक घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ आले, सोबत त्यांची लेक. त्यांनी मला उचलले, कानाशी नेऊन हलवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! काय गोड आवाज आहे हिचा!" मित्रांनो, तोवर मला कोणी गोड म्हटले नव्हते. मी अशी हुरळून गेले की खोक्यातल्या बाकीच्या घंट्यांचा निरोप घ्यायचेही विसरले.

बाबा आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून नखाएवढ्या चाकांवर वाकून बसलेले. डोंगरांच्या माथ्यामाथ्यांवरून जाणारी चाळीस दिवसांची एक पायवाट होती. ती चालायची त्यांची तरुणपणापासूनची इच्छा. "जवळचं खूप बघून झालं. आता एकदा लांबचं बघायचंय मला," ते म्हणायचे. लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. 'एक सकाळी, एक रात्री, जेवणानंतर!' असे दिवसभर म्हाताऱ्या माणसांना ओरडून सांगायची तिला सवय. त्यामुळे घरीही तिचा आवाज वरच्या पट्टीतच असे. तिने बाबांना दोन अटी घातल्या. घंटी त्यांच्या पिशवीला राहील आणि ती स्वतः मागून चालेल, ही पहिली. "आणि तुमच्या तब्येतीत जरा जरी काही खोट दिसली, तर तिथून परत फिरायचं. वाद घालायचा नाही," ही दुसरी.

"नाही घालणार, मॅडम," बाबा म्हणाले.

पहिले वीस दिवस मी मान मोडून काम केले. पावलागणिक वाजले. झाडांवर रंगवलेल्या पिवळ्या खुणा बघत बाबा पुढे आणि लेक मागे. जनावरे मात्र एकही दिसेना. चिखलात पंजे दिसत, झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे दिसत, झुडपात नाहीशी होणारी एखादी शेपटी दिसे. लेकीने हौसेने दुर्बीण आणली होती. तिच्यातून ढग बघून बघून ती वैतागली. "वीस दिवसांत मी काय बघितलं, सांगू? तुमची पाठ!" ती जेवताना म्हणाली. बाबा खो खो हसले. मला मात्र माझ्या कामाचा फार अभिमान वाटला.

एकविसाव्या दिवशी सकाळी आम्ही एका मुक्कामघरातून निघालो. दारावर पाटी होती, 'पुढे अस्वलांचा वावर आहे. आवाज करत चला.' बाबा पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. लेकीने औषधांच्या डबीतून कापूस काढला आणि बोटाने माझ्या पोटात ठासून भरला! मी अवाक् झाले, म्हणजे अगदी शब्दशः. "तासभरच गं," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "तसं बाबांच्या लगेच लक्षात येईल आणि ते ओरडतीलच."

बाबा ओरडले नाहीत. चढ संपला, सपाटी आली, तरी नाहीत. एक तास गेला, दुसरा गेला. मी मुकी होऊन त्यांच्या पाठीवर आपटत होते आणि ते मजेत हात हलवत चालले होते.

आणि मग जंगलाने पडदाच उघडला! वाटेच्या मधोमध दोन हरणे उभी होती, त्यांच्या पापण्या मोजता येतील इतक्या जवळ. पुढे एक कोल्हा निवांत वाट ओलांडून गेला, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. मग रानडुकरांचे अख्खे कुटुंब, मागे पट्ट्यापट्ट्यांची सात पिल्ले. म्हणजे ही सगळी मंडळी वीस दिवस इथेच होती आणि माझ्या आवाजाने दडून बसत होती तर! लेकीला आकाश ठेंगणे झाले होते. तासाभराचा वायदा ती केव्हाच विसरली.

दुपारी ओढ्याकाठी जेवताना बाबांनी मला थोपटले. "आज काय छान वाजतेय बघ ही," ते म्हणाले.

लेकीचा घास हातातच राहिला. मग ती हसली. तिला वाटले, बाबांनी चोरी पकडली आणि आता फिरकी घेताहेत. "पुरे हं बाबा," म्हणत तिने डबा आवरला. मी मात्र त्यांना जवळून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता. ते मनापासून कौतुक करत होते, आणि मी तर वाजतच नव्हते.

तिथून वाट ओढ्याच्या कडेने जाऊ लागली. बाबा वीस पावले पुढे होते. वळणावर लाल फळांनी लगडलेली झुडपे होती आणि त्या झुडपांत अस्वल होते. अस्वलीण! तिच्या पायांशी तिचे पिल्लू. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता, त्यामुळे तिला आमचा वास लागला नव्हता. बाबा झाडावरची पिवळी खूण शोधत थेट तिच्याकडे चालले होते.

"बाबा, थांबा!" लेक ओरडली.

बाबा चालत राहिले.

"बाबा!" आता ती किंचाळलीच. अस्वलिणीने मान वर केली. बाबांनी मान वळवलीसुद्धा नाही. मी जीव तोडून हलत होते, लोलक कापसावर आपटत होता, आणि आवाज म्हणून निघत नव्हता. मित्रांनो, ज्या एका क्षणासाठी माझा जन्म झाला होता, तो समोर उभा होता आणि माझ्या तोंडात बोळा होता.

लेकीने पिशवीला लटकणारा स्टीलचा पेला ओढून काढला आणि नेम धरून फेकला. तो दाणकन माझ्यावरच आदळला. पाठीला धक्का बसला तसे बाबा वळले. आता अस्वलीण त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर, मागच्या पायांवर उभी. लेकीची बोबडी वळली होती. तिचे ओठ नुसते हलले, आवाज फुटलाच नाही. 'मागे अस्वल. पळू नका. हळू या.'

आणि बाबांना ते सगळे कळले! ओरडलेले कळले नव्हते, न बोललेले कळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण ते पळाले नाहीत. लेकीच्या ओठांवर नजर रोवून ते एकेक पाऊल टाकत तिच्यापर्यंत आले. दोघे एकमेकांचा हात धरून मागे मागे सरकले. अस्वलिणीने हवेत नाक फिरवले, धपकन खाली बसली, पिल्लाला ढुशी दिली आणि उतारावरून निघून गेली.

बऱ्याच मागे आल्यावर दोघे एका दगडावर बसले. लेकीने माझ्या पोटातला कापूस उपसला आणि ती बाबांकडे वळली.

"बाबा, ही सकाळपासून बंद होती. मीच केली होती."

बाबांनी तो कापूस बोटांत घेतला. "मला वाटलं, वाजतेय."

"तुम्हाला ऐकू येत नाही?" ती त्यांच्या समोर येऊन बसली. "मग माझं कसं कळतं?"

"तू समोर असतेस ना. तोंड दिसतं. आणि तू ओरडतेस पण केवढी!"

"आणि घड्याळं?"

"बोटानं. घड्याळाच्या पाठीला बोट टेकवलं की चालू आहे का ते कळतं."

"किती दिवस झाले?"

"चार वर्षं."

"चार वर्षं! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर इथे आणलं असतंस?"

लेक रडू लागली. एका घरात राहून, रोज म्हाताऱ्यांच्या कानाशी ओरडून तिला हे दिसले नव्हते. आणि मी? मला गोड म्हणणारा तो एकटाच माणूस, आणि त्याने मला कधी ऐकलेच नव्हते! दुकानात त्यांनी डोळे मिटले होते ते आनंदाने नव्हे, लेकीने ओळखू नये म्हणून.

बाबा उठले. अट आठवून त्यांनी मुकाट्याने पिशवी पाठीला लावली आणि आल्या वाटेकडे तोंड केले. लेकीने त्यांना खांद्याला धरून वळवले. मला त्यांच्या पिशवीवरून सोडून तिने आपल्या पिशवीला बांधले. "इथून पुढे मी पुढे चालणार," ती एकेक शब्द सावकाश म्हणाली. "आता उरलेले दिवस तुम्ही माझी पाठ बघा."

ती पायवाट आम्ही पुरी केली. काही सांगायचे झाले की ती थांबून पूर्ण मागे वळायची. जनावर मात्र एकही दिसले नाही, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

मित्रांनो, सावध करणाऱ्याच्या तोंडात कापूस कोंबू नका. आणि घरातले कोणी हल्ली पुन्हा पुन्हा 'काय?' विचारत असेल, किंवा न ऐकताच हसत असेल, तर चिडू नका. त्याच्या समोर जाऊन बसा.

आता मी बाबांच्या दुकानाच्या दाराला टांगलेली असते. त्यांच्या कानात यंत्र बसवले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिले गिऱ्हाईक दार ढकलून आत आले आणि मी उत्साहाने वाजले. बाबांच्या हातातला चिमटा खाली पडला.

"अरे बापरे, केवढी कर्कश आहे ही!" ते ओरडले.

मी सुन्न झाले. लेक हसता हसता खाली बसली. तिने विचारले, "काढून ठेवू का?"

"हात लावू नकोस तिला," बाबा म्हणाले. मग ते स्वतः उठले आणि दार उघडून, मिटून, पुन्हा उघडून, कितीतरी वेळ मला ऐकत उभे राहिले.