डोरीन मधेच बोलली

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिलं तर आधी विचारेल, ही शिवणयंत्राची पेटी आहे का? नाही. झाकण उघडलंत तर आत दोन मोठ्या चकत्या दिसतील आणि समोर एक हिरवा दिवा. मी टेपरेकॉर्डर आहे, वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. मला उचलायला दोन हात लागतात. चालू केल्यावर गरम व्हायला थोडा वेळही द्यावा लागतो.

कारखान्यात मला जोडलं त्या दिवशी एक स्क्रू किंचित जास्त फिरला. जो भाग टेपवर आवाज भरतो आणि वाचतो, त्याला हेड म्हणतात. माझं हेड थोडं तिरकं बसलं. तपासणाऱ्याच्या ते लक्षात आलं नाही. त्यामुळे मी भरलेला आवाज माझ्यावरच नीट वाजतो. दुसऱ्या यंत्रावर तो तोंडावर उशी धरून बोलल्यासारखा येतो.

इंग्लंडच्या उत्तरेला हॅलिफॅक्स गाव आहे. तिथल्या नेव्हिल सटक्लिफने मला घरी आणलं. तो गालिच्यांच्या गिरणीत कामाला होता आणि त्याची बायको डोरीन टॉफीच्या कारखान्यात. नवं लग्न होतं. घरात दोनच चांगल्या वस्तू, टीव्ही आणि मी.

मला आणलं ते एका मालिकेसाठी. शनिवारी संध्याकाळी चहाच्या वेळेला ‘ताऱ्यांचं दीपगृह’ लागायची. आभाळात एक दीपगृह आहे. वाट चुकलेल्या यानांसाठी तिथला राखणदार दिवा तेवत ठेवतो. त्याच्या जोडीला नेहमी कुणीतरी सोबती असतो. राखणदार थकला की किल्ली दुसऱ्याच्या हाती देतो. त्यामुळे नट बदलत राहिले आणि मालिका आजतागायत चालू राहिली. कुठला राखणदार चांगला आणि कुठला सोबती, यावरून लोक भाऊबंदांसारखे भांडतात. डोरीनचा जीव दुसऱ्या राखणदारावर आणि त्याची सोबतीण नोरा हिच्यावर होता.

तेव्हा घरी चित्र साठवायची सोय नव्हती. एकदा दाखवलेला भाग पुन्हा दिसेलच असं नव्हतं. टीव्हीवाले बरेचसे भाग पुसून त्याच टेपवर दुसरं काही भरत. म्हणून डोरीन माझा मायक्रोफोन टीव्हीच्या स्पीकरसमोर उशीवर ठेवायची आणि आवाज तरी धरून ठेवायची. अर्धा तास घरात कुणी हूं का चूं करायचं नाही. केटली बंद. शेजारीण दार वाजवत राहिली तरी उघडायचं नाही. नेव्हिलने टीव्हीकडे पाठ करून माझ्या हिरव्या दिव्यावर नजर ठेवायची. आवाज फार वाढला की तो दिवा मिटतो, मग नेव्हिल बटण कमी करायचा. त्याने ती मालिका पाहिली कमी आणि ऐकलीच जास्त.

ते माझे सुखाचे दिवस होते. ओळखीतली माणसं भाग ऐकायला यायची आणि म्हणायची, “डोरीन, तुझ्या यंत्राला तोड नाही हं!” मग व्हिडिओ कॅसेट आली आणि मी माळ्यावर गेलो. वरून खालची भांडणं ऐकू यायची, हसणंही ऐकू यायचं. पुढे खोकला ऐकू येऊ लागला. मग एके दिवशी खालून नुसतीच नेव्हिलची पावलं येऊ लागली.

डोरीन गेल्यानंतर तो माळ्यावर आला आणि माझ्याशेजारच्या टेपा एकेक हातात घेऊन बघत बसला. फोटो तर ढीगभर होते. पण तिचा आवाज कुठेच नव्हता. टेप भरताना गप्प बसायचा नियम तिचाच होता आणि तो तिने काटेकोर पाळला होता. फक्त एका खोक्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘खराब. मी मधेच बोलले.’ ती नोरा मालिका सोडून जाते त्या भागाची टेप होती. खराब म्हणून ती पुन्हा कधी लावलीच नव्हती. डोरीन काय बोलली होती, ते नेव्हिलला आता आठवत नव्हतं.

त्याने ती उघडली. कडा वळल्या होत्या, बोटाला तपकिरी पूड लागली. एकट्याने लावायची त्याला भीती वाटली. मित्रांनो, भीती मलाही वाटली. माझे रबरी पट्टे सुकले होते, आणि ती टेप दुसऱ्या कुठल्या यंत्रावर लावून उपयोग नव्हता.

मालिकेच्या चाहत्यांचं एक मंडळ शनिवारी दुपारी पबच्या वरच्या खोलीत जमतं. नेव्हिल मला उचलून तिथे घेऊन गेला. खोलीत क्लाइव्ह आणि ग्लेनिस यांची नेहमीप्रमाणे जुंपली होती. क्लाइव्ह मंडळाचा प्रमुख, तिसऱ्या राखणदाराचा भक्त. ग्लेनिस गावात बस चालवायची, आता निवृत्त झाली आहे. ती दुसऱ्याची कट्टर.

“दुसऱ्याने नोराला हाकलली,” क्लाइव्ह म्हणत होता. “सरळ दाराबाहेर काढली. माझ्या तिसऱ्याने कुठल्या सोबत्याला असं वागवलं का, सांग.”

“तुझा तिसरा! निम्मा वेळ केस विंचरण्यात गेला त्याचा.”

“विषय बदलू नकोस, ग्लेनिस.”

“नोरा आपणहून गेली. तुला कितीदा सांगू?”

“पुरावा? तो भाग पुसला गेलाय. छापील संहितेत राखणदार म्हणतो, ‘जा.’”

“संहितेत! त्या नटाने लिहिलेलं वाक्य कधी तसंच्या तसं म्हटलंय का?”

नेव्हिलने मला टेबलावर ठेवलं आणि खोकं पुढे केलं. क्लाइव्हने त्यावरचं नाव वाचलं आणि हातातलं सँडविच ताटलीत ठेवून दिलं.

“हे तुझ्याकडे होतं?” त्याचा आवाज चिरकला. “इतकी वर्षं?”

“डोरीनचं आहे,” नेव्हिल म्हणाला. “शेवटाकडे ती मधेच बोलली आहे. मला तेवढंच हवंय. बाकीचं तुम्ही घ्या.”

तारिक पुढे आला. तो कानाची यंत्रं बसवून देतो आणि मंडळाचे जुने आवाज साफ करायचं कामही त्याच्याकडेच असतं. त्याने टेपची कड उजेडात धरली. “सटक्लिफसाहेब, खरं सांगतो. ही एकदा वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल असं मी म्हणणार नाही.”

“एकदा तर एकदा,” क्लाइव्ह म्हणाला. “पण नियम सगळ्यांना सारखा. घरचे आवाज काढून टाकायचे. लोकांनी भरलेल्या टेपांवरचे त्यांचे कुत्रे, त्यांच्या आया, सगळ्यांचे काढलेत आपण.”

“मग मी चाललो.” नेव्हिलने माझं झाकण लावलं.

“अरे नेव्हिल, असं काय करतोस? तुला तिचा तुकडा वेगळा देतो ना! पण मंडळाच्या प्रतीत ती नको. तिच्याखाली राखणदाराचं वाक्य दबलं असेल. ती काढल्याशिवाय ते कळणार कसं?”

“ती म्हणजे काढून टाकायचा आवाज नाही, क्लाइव्ह. बायको आहे माझी. ठेवणार असलात तर ठेवा, नाहीतर नको.”

ग्लेनिसला ती टेप क्लाइव्हपेक्षाही जास्त हवी होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तरी ती म्हणाली, “त्याची आहे, तो ठरवेल. आणि क्लाइव्ह, तू खाली बस. उभा राहून नुसता घाम गाळतोयस.”

क्लाइव्ह बसला. “आधी वाजू दे,” तो पुटपुटला. “मग बघू.”

नेव्हिलने झाकण पुन्हा उघडलं. तारिकने माझी तार त्याच्या संगणकाला जोडली. मी गरम व्हायला लागलो आणि धुळीचा जळका वास सुटला. टेप माझ्या हेडवरून सरकू लागली. ती सरकताना कुरकुरत होती, पूड झडत होती. पण आवाज आला. दीपगृहाची घंटा वाजली आणि पाठोपाठ दुसऱ्या राखणदाराचा घोगरा आवाज. ग्लेनिसने तोंडावर हात ठेवला.

मित्रांनो, तो अर्धा तास मी कसा ओढला ते माझं मला माहीत. अर्ध्यात टेपचा एक जोड सुटला. तारिकने श्वास रोखून तो चिकटवला. शेवट जवळ आला तसा माझा पट्टा घसरू लागला. टेप ओढून घेणारी चकती मंदावली आणि राखणदाराचा आवाज जड, लांबट होऊ लागला.

“थांबतंय!” क्लाइव्ह ओरडला. “बंद करा, तुटेल!”

“बंद केली तर जास्तच तुटेल,” तारिक म्हणाला.

नेव्हिलने चकतीवर बोट ठेवलं आणि ती हाताने फिरवायला लागला. हलकेच, एका वेगात. आवाज पुन्हा सरळ झाला. त्याने वेग सोडला नाही.

राखणदार म्हणाला, “दार उघडं आहे, नोरा.” इतकंच. ‘जा’ म्हणाला नाही. ‘थांब’ही म्हणाला नाही. पुढे शब्दच नव्हते, नुसता दीपगृहाच्या दिव्याचा घरघराट. क्लाइव्हने ग्लेनिसकडे पाहिलं. यावरून कुणाचंच खरं ठरत नव्हतं.

आणि मग मायक्रोफोनच्या अगदी जवळून एक तरुण बाई बोलली, “नेव्हिल, तो तिचा हात सोडतच नाहीये रे. तीच सोडवून घेतेय. रडतोय बघ तो. अरे, तो दिवा राहू दे, जरा इकडे बघ ना!”

“बघतोय गं,” नेव्हिल म्हणाला. खोलीत सगळ्यांसमोर, मोठ्याने.

मालिकेची शेवटची धून निम्मी वाजली आणि टेप तुटली. माझा पट्टाही त्याच वेळी गेला. नेव्हिलचं बोट मात्र चकती फिरवतच राहिलं. शेवटी ग्लेनिसने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

क्लाइव्ह म्हणाला, “हे... हे नुसतं त्यांच्या शब्दावर मान्य करायचं?”

“ती बघत होती,” ग्लेनिस म्हणाली. “तू तेव्हा लंगोटात होतास.”

कुणीतरी हसलं. नेव्हिलही हसला, नाक पुसत.

तारिकचं बोट कळफलकावर होतं. “आलंय सगळं. घरचा आवाज काढायचा तर आत्ताच खूण करून ठेवतो. काय करू, क्लाइव्ह?”

सगळे क्लाइव्हकडे पाहू लागले. तिसऱ्या राखणदाराची बाजू त्याने आयुष्यभर लढवली होती, आणि हे एक वाक्य ठेवलं तर तो हरत होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हात लावू नकोस,” तो म्हणाला. “नाव काय त्यांचं? डोरीन सटक्लिफ. मालिकेतल्या नटांच्या नावांखाली त्यांचंही नाव लिही.”

आता मी त्याच खोलीत, खिडकीजवळ असतो. मी वाजत नाही. नवीन येणाऱ्यांना क्लाइव्ह तो भाग ऐकवतो आणि शेवटी बोट वर करून सगळ्यांना गप्प बसवतो, राखणदारासाठी नव्हे, डोरीनसाठी. नेव्हिल कोपऱ्यात बसून चहा पितो.

मित्रांनो, तुमच्याही घरात जुन्या टेपा, जुने आवाज असतील. गाण्याच्या मधे कुणी खोकलं असेल, कुणी जेवायला हाक मारली असेल. ते खराब आहेत म्हणून टाकून देऊ नका. कोरड्या जागी ठेवा, जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या. आणि तुम्ही कशात तरी गुंतलेले असताना घरातलं माणूस म्हणालं, “जरा इकडे बघ ना,” तर मान वळवून बघा.