अंबिलीने उतरलेला आकडा

दर रविवारी सकाळी सात वाजायच्या आत दिंद्रुडच्या मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग लागायचा. माजलगाव, गेवराई, थेट उमापूरहून जीप भरून माणसं यायची. सगळी शुगरची. कुणाच्या पायाला फडकं गुंडाळलेलं, कुणाला एका डोळ्याने कमी दिसायचं, आणि बहुतेकांच्या हातात डॉक्टरांच्या कागदांची पिशवी. आत व्यासपीठावर अजिनाथ महाराज बसलेले. भगव्या लुंगीवर पांढरा डॉक्टरी कोट, समोर आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या अंबिलीचे दोन रांजण आणि शुगर मोजायची चार मशीनं. तीन महिन्यांपूर्वी हे महाराज कुठून आले, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

महाराज देवाचं नाव कमी घ्यायचे, विज्ञानाचं जास्त. "तुमच्या पोटात तुमच्या गावापेक्षा मोठं गाव हाय," ते माइकवरून सांगायचे. "त्यात चांगले जंतू हायत आन गुंड जंतू बी हायत. गुंडांनी ग्रामपंचायत ताब्यात घेतली की शुगर वाढती. ही अंबील म्हंजे फेरनिवडणूक." लोक हसायचे, आणि हसता हसता त्यांचा विश्वास बसायचा.

मग प्रयोग. प्रत्येकाच्या हातावर ओलसर गुळाचा खडा ठेवला जाई. खायचा नाही, नुसता बोटांनी कुस्करायचा. जंतूंना गुळाचा वास लागला की लपलेली शुगर वर येते, असं महाराजांचं म्हणणं. मग सेविका बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, सुई टोचायची आणि आकडा माइकवर सांगायची. चारशे बारा. चारशे ऐंशी. बायका तोंडावर पदर धरायच्या. त्यानंतर कडुनिंबाच्या तीर्थाने कोपरापर्यंत हात धुवायचे, पेलाभर अंबील प्यायची, वीस मिनिटं डोळे मिटून जप करायचा आणि पुन्हा तेच बोट पुढे करायचं. एकशे नव्वद. एकशे सत्तर. मांडवात टाळ्यांचा कडकडाट.

हे सगळं मी लांबून पाहिलेलं नाही. मी व्यासपीठावर, महाराजांच्या उजव्या हाताला बसलेलो होतो.

मी गहिनीनाथ. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. लिंबातून रक्त काढणारे, नारळातून जाळ काढणारे असे कितीतरी बुवा मी पोरांसमोर उघडे पाडले. तालुक्यात माझी ओळखच ती. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून वाचन वाढवलं आणि एका स्थानिक दैनिकात लेख लिहिला: पोटातले जीवाणू आणि मधुमेह. मधुमेही माणसाच्या आतड्यातले जीवाणू निरोगी माणसापेक्षा काहीसे वेगळे असतात, काही उपयोगी जाती त्यांच्यात कमी आढळतात, आणि या धाग्यावर जगभर संशोधन चाललं आहे, असा तो लेख होता. छापून आला त्या आठवड्यात गावात कुणी त्याबद्दल एक शब्द बोललं नाही.

महाराज मात्र तो लेख प्लास्टिकमध्ये मढवून माझ्या घरी आले. म्हणाले, मास्तर, आमी जे अंबिलीनं करतो ते तुमी शास्त्रानं सांगितलं. मी सुखावलो. पुढच्या रविवारी शाल घेतली, नारळ घेतला आणि दहा मिनिटं बोललो. त्या भाषणातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त 'अजून नक्की कळलेलं नाही' हे वाक्य, जे लेखात तीनदा होतं, ते मी भाषणात एकदाही म्हटलं नाही. टाळ्या थांबल्या असत्या.

माझी थोरली बहीण बायनाबाई, माझी आक्का, गावातच दोन गल्ल्या पलीकडे राहते. बारा वर्षं ती इन्सुलिन घेत होती. माझं भाषण ऐकायला ती पहिल्या रांगेत बसली होती. तिचाही आकडा घेतला. चारशे अडतीसचा एकशे बहात्तर झाला. घरी येताना तिने मला विचारलं, "गहिनी, मग ती सुई सोडू का? पोटाला टोचून टोचून गाठी झाल्यात रे."

मी म्हणालो, "थोडे दिवस बंद ठेवून बघायला हरकत नाही."

एवढंच. डॉक्टरांना विचार, असंसुद्धा म्हणालो नाही.

दुसऱ्या रविवारी तिचा हात धुतल्यानंतरचा आकडा दोनशे एकसष्ट आला, तिसऱ्या रविवारी तीनशे तीस. महाराज म्हणाले, जुनी शुगर बाहेर पडायलीय, चांगली खूण हाय. घरच्या मशीनवर तपासू नका, जंतू बुजतात. मी शेजारी बसून मान हलवली. एखाद्या विद्यार्थ्याने असलं उत्तर लिहिलं असतं तर मी वही भिरकावली असती. आक्का तर सारखी पाणी मागत होती, रोडावली होती, अंगठ्याजवळ चप्पल लागून झालेली जखम चिघळली होती. मी ते पाहिलं. पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, कारण पाहिलं असतं तर शाल परत करावी लागली असती.

तेविसाव्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत तिची शुद्ध हरपली. भाच्याने तिला बीडच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. शुगर सहाशेच्या वर गेलेली, रक्तात विष साठत चाललेलं, पाय काळा पडायला लागलेला. डॉक्टरांनी जीव वाचवला. दोन बोटं मात्र काढावी लागली.

त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये शाहीन काम करते. माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे वडील कय्युमभाई बीडमध्ये फळांचा गाडा लावतात. तिने मला बाहेरच्या बाकावर पाहिलं आणि येऊन शेजारी बसली. मी तिला सगळं सांगितलं, पण सांगतानाही स्वतःची बाजू सोडली नाही. म्हणालो, अंबील आक्काला सोसली नसेल, पण आकडा उतरत होता, तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

मग तिने विचारलं, "सर, हात कधी धुवायचे? पहिल्या सुईच्या आधी का नंतर?"

"नंतर. पण आधी स्पिरिटने पुसायचे."

ती आत जाऊन मशीन घेऊन आली. दुपारचा डबा द्यायला कय्युमभाई आले होते, त्यांच्या पिशवीतला एक पिकलेला चिकू तिने माझ्या हातात दिला आणि सोलायला सांगितला. मी सोलला. तिने माझं बोट स्पिरिटने नीट पुसलं आणि सुई टोचली. मला शुगर नाही, महिन्यापूर्वीच तपासली होती. मशीनवर आकडा आला तीनशे एक्क्याण्णव.

मग तिने मला नळाकडे नेलं. साध्या पाण्याने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा सुई. एकशे चार. अंबील नाही, जप नाही, मध्ये पाच मिनिटंही गेली नव्हती.

कय्युमभाई म्हणाले, "मास्तर, हे आमच्या घरात रोजचं हाय. मी आंबे कापून बोट दिलं, मशीन बोललं साडेतीनशे. मी घाबरून खालीच बसलो. मग हिनं हात धुवायला लावला."

मशीन रक्ताचा एवढासा थेंब घेतं. बोटाला गोड चिकटलेलं असलं तर ते त्या थेंबात उतरतं आणि आकडा तिप्पट-चौपट होतो. स्पिरिटच्या बोळ्याने ते पुरतं जात नाही, पाण्याने जातं. म्हणजे पहिला आकडा गुळाचा होता आणि दुसरा माणसाचा. अंबिलीने काहीच उतरवलं नव्हतं.

शाहीन हळूच म्हणाली, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुमीच शिकवलं होतं ना सर? त्यांनी तर अंबील पण दिली आन हात पण धुतले." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी शाहीनला घेऊन मी मंगल कार्यालयात गेलो. माझी खुर्ची उजव्या बाजूला मांडलेलीच होती, माइकही लगेच मिळाला. मी लोकांना सांगितलं की आज अंबील न पिता शुगर उतरवून दाखवतो. शाहीनने गूळ कुस्करला, बोट पुसून सुई टोचून घेतली. चारशे वीस. साध्या पाण्याने हात धुतले. ब्याण्णव. मग पुढच्या रांगेतल्या प्रविणला, गावच्या तालमीतल्या पैलवानाला, वर बोलावलं. त्याचंही तेच झालं. मांडवात कुजबुज वाढली.

महाराज शांतपणे उठले. त्यांनी माझ्या हातून माइक घेतला.

"मास्तर, सुई सोडा असं मी कुणाला बोललो का? एक माणूस दाखवा. ते तुमी बोलला. तुमच्या बहिणीला तुमीच बोलला."

हे खरं होतं. मी माइक परत मागितला आणि म्हणालो, "हो. मीच सांगितलं. तिची दोन बोटं गेली ती माझ्या शब्दामुळे. यांनी गूळ दिला आणि मी त्याला शास्त्राचं नाव दिलं."

पहिल्या रांगेतून सुंदरराव उठले. वयाने माझ्याहून मोठे, चार आठवडे अंबील पिणारे. ते म्हणाले, "आमी ह्यांच्याकडं बघून आलो न्हाई, गहिनीनाथ. तुझ्याकडं बघून आलो." आणि जप न करताच बाहेर पडले. त्यांच्या मागून आणखी काही गेले. काही मात्र बसूनच राहिले. त्यांना त्या दिवशीही अंबील हवी होती.

महाराज दोन दिवसांत गाव सोडून गेले. पोलिसांत तक्रार दिली आहे. साक्षीदारांत पहिलं नाव माझं आहे, आणि जबाबात माझं भाषणही मी लिहून दिलं आहे.

आक्का आता घरी आहे, इन्सुलिन घेते. मी गेलो की चहा ठेवायला सांगते आणि पाय पदराखाली ओढून घेते, मला दिसू नये म्हणून. माफी मागितली तेव्हा म्हणाली, "तू शिकलेला, माझ्या भल्याचंच सांगितलंस. तुला काय ठाऊक हे असं व्हईल." त्या वाक्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी मांडवातही वाटली नव्हती.

म्हणून हे लिहितो आहे. जीवाणूंवरचं संशोधन खोटं नाही. पण मधुमेहामुळे जीवाणू बदलतात की जीवाणूंमुळे मधुमेह होतो, याचा गुंता पुरता सुटलेला नाही. नेहमीच्या गोळ्यांनीसुद्धा ते बदलतात. अंबील चांगलं अन्न आहे, आवडत असेल तर प्या; पण ती इन्सुलिनची जागा घेते असं कुठल्याही संशोधनाने सांगितलेलं नाही. शुगर तपासण्याआधी पाण्याने हात धुवा. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, अजून काय बदललं होतं?

माझं भाषण ऐकून ज्यांनी सुई सोडली, त्या सत्तावीस घरांत मी जाऊन आलो. कुणी राहिलं असेल तर हात जोडून सांगतो, आजच डॉक्टरांकडे जा. मी सांगतो म्हणून नको. माझंही ऐकू नका, तपासून घ्या.