एका होडीतले व्याही

टिल्लूताईंना टिल्लूताई म्हणायचे ते त्यांच्या उंचीवरून. लहानपणी पडलेलं नाव पन्नाशी उलटली तरी सुटलं नव्हतं, आणि उंचीनेही त्या नावाला कधी खोटं पाडलं नव्हतं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून बघून त्यांना एक खोड लागली होती. समोरचा थाप मारायला लागला की त्यांना लगेच कळायचं, आणि मग हसू आवरता आवरायचं नाही.

त्या रविवारी मात्र थाप निभवायची पाळी त्यांच्याच घरावर आली होती.

झालं होतं असं, की त्यांच्या लेकीने स्वतःच लग्न ठरवलं. मुलगा पूल बांधणारा इंजिनिअर, स्वभावाने शांत, नाव ठेवायला जागा नाही असा. टिल्लूताईंचे यजमान शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. घरीदारी त्यांना सगळे सरच म्हणत. सरांनी मुलाच्या वडिलांना पहिला फोन केला. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर. हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर डॉक्टरांनी सहज विचारलं, की आपण कधीमधी थोडीशी घेता का. प्रश्न साधा होता. पण सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या, त्यामुळे आपली परीक्षा चालली आहे असं त्यांना वाटलं. ते ताडकन म्हणाले, "छे छे. आमच्या घरात बाटली म्हणजे पाण्याची." पलीकडून डॉक्टर जरा पडलेल्या आवाजात म्हणाले, "वा. आमच्याकडेही तसंच."

फोन ठेवून सर बायकोकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा उत्तरपत्रिका हरवल्यासारखा झाला होता. शनिवारी दुकान बंद झालं की दोघं गॅलरीत पाय पसरून बसत आणि एकेक ग्लास वाइन घेत, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"आता काय, निभवा जन्मभर," टिल्लूताई म्हणाल्या.

त्यात मुलांनी दोन्ही घरांच्या भेटीसाठी जागा निवडली ती तळ्याकाठची वायनरी. दोन्ही गावांच्या अधेमधे, मोकळी हवा, आणि तिथली हिरवळ लग्नाच्या जेवणाला कशी वाटते तेही बघून होईल. वाइनचं काय, असं सरांनी चाचरत विचारलं, तर लेक म्हणाली की तिथे द्राक्षाचा ताजा रसही मिळतो, तुम्ही अजिबात संकोच करू नका.

डॉक्टर गोलमटोल आणि हसरे निघाले. त्यांच्या बायकोचं नाटकांचे पोशाख शिवायचं काम. बाई उंच, ताठ, आणि बोलणं असं, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू जावा. टिल्लूताई त्यांच्या खांद्याला लागत होत्या. दोघींनी एकमेकींना 'विहीणबाई' म्हणून टाकलं आणि पुढे काय बोलावं ते न सुचून द्राक्षांच्या वेलींची तारीफ केली.

गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेली एक चटपटीत गाइड मुलगी त्यांना सगळीकडे फिरवत होती. डोंगरउतारावरून वेलींच्या रांगा थेट पाण्यापर्यंत गेल्या होत्या. द्राक्षं रगडायचं यंत्र, धातूच्या उंच टाक्या, मग पायऱ्या उतरून तळघर. तिथे लाकडी पिंपं आडवी रचून ठेवलेली, आणि ओल्या लाकडाचा नि आंबलेल्या फळाचा असा काही वास, की टिल्लूताईंनी नकळत डोळे मिटून घेतले. उघडून पाहतात तो विहीणबाई नाकाला रुमाल लावून उभ्या. टिल्लूताईंनीही घाईघाईने रुमाल काढला.

सर अधूनमधून प्रश्न विचारत होते, पण प्रत्येक प्रश्नाआधी "केवळ माहितीसाठी" असं जोडत होते. केवळ माहितीसाठी, ही किती मुरते. केवळ माहितीसाठी, पांढरी थंडच प्यावी लागते का. डॉक्टरांनी यकृतावर एक छोटं व्याख्यान दिलं आणि व्याख्यान देताना त्यांची नजर भिंतीवरच्या बाटल्यांवरून एकदाही हलली नाही. चव घेण्याच्या खोलीत गाइडने नाजूक देठाचे ग्लास मांडले, पण होणारे जावई लगबगीने पुढे झाले आणि अदबीने म्हणाले की या चौघांना रस द्या. चौघांनी रस प्यायला. तो गोडमिट्ट होता. सरांनी तो औषधासारखा एका घोटात संपवला, आणि जावयांनी प्रेमाने त्यांचा ग्लास पुन्हा भरला.

जेवणं झाल्यावर मुलं व्यवस्थापकाशी बोलायला गेली. सर आणि डॉक्टर म्हणाले, आम्ही जरा पाय मोकळे करून होडीत बसतो. विहीणबाई गच्चीवर सावलीत टेकल्या. टिल्लूताई म्हणाल्या की माझी शाल तळघरात राहिली वाटतं, आलेच.

शाल गाडीत होती. टिल्लूताई सरळ चव घेण्याच्या खोलीत गेल्या, आणि गाइडने काही विचारायच्या आत त्यांनी लाल वाइनच्या बाटलीकडे बोट दाखवलं. पहिला घोट घशाखाली उतरला तेव्हा सकाळपासून प्यालेला सगळा रस त्यांनी माफ करून टाकला. दुसऱ्या घोटाला दार उघडलं आणि खणखणीत आवाज आला, "माझी छत्री इथे राहिली का हो?"

विहीणबाई दारात उभ्या होत्या. छत्री त्यांच्या हातातच होती.

टिल्लूताईंनी छत्रीकडे पाहिलं. विहीणबाईंनी ग्लासकडे पाहिलं. टिल्लूताईंना आतून हसू फुटायला लागलं. ते दाबायला त्यांनी तिसरा घोट घेतला, तो चुकीच्या वाटेने गेला आणि त्या खोकत सुटल्या. विहीणबाईंनी येऊन त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि गाइडला म्हणाल्या, "यांनी घेतली तीच मला दे. जरा जास्त."

मग काय, दोघींची जीभ सैल झाली. विहीणबाईंनी सांगितलं की नाटकाचा पहिला प्रयोग पार पडला की कपडेपटाच्या खोलीत बाटली उघडायचीच, हा त्यांचा शिरस्ता. आणि डॉक्टर? डॉक्टरांचा साठा जाडजूड वैद्यकीय पुस्तकांमागे. त्या दिवशी सरांचा फोन झाल्यावर त्यांना रात्रीचं जेवण गेलं नव्हतं.

"तुमचे सर इतके कडक, म्हणून आम्ही गप्प बसलो."

"आमचे सर? ते तर तुमच्या डॉक्टरांना घाबरून आहेत."

गाइड ग्लास पुसता पुसता ऐकत होती. तिला राहवलं नाही. "काकू, सांगू नये, पण ते दोघं काका मघाशी येऊन गेले. वेगवेगळे. आधी ते 'केवळ माहितीसाठी'वाले आले, एक बाटली घेतली, म्हणाले कुणाला बोलू नकोस. ते गेले आणि दुसरे आले. त्यांनीही एक घेतली. तेही तेच म्हणाले."

"आणि दोघं एकाच होडीत बसलेत," विहीणबाई सावकाश म्हणाल्या.

दोघी जिन्याकडे धावल्या. गच्चीवर पाणपक्षी बघायला एक मोठी दुर्बीण बसवलेली होती. विहीणबाईंनी डोळा लावला आणि म्हणाल्या की सगळं धूसर दिसतंय, यंत्र बिघडलं असावं. टिल्लूताईंनी पाहिलं तर चित्र लख्ख होतं. जेवताना विहीणबाईंनी मेनूकार्ड हात लांब करकरून वाचलेलं त्यांनी हेरलं होतंच.

"सुईत दोरा कोण ओवून देतं?" त्यांनी हळूच विचारलं.

विहीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मदतनीस. मी म्हणते, माझे हात अडकलेत, तू ओव. वर्ष झालं याला."

"दुकानात या. मी दार लावून घेईन आणि कुणाला कळणार नाही असा चष्मा देईन." असं म्हणून त्यांनी दुर्बिणीची कडी विहीणबाईंच्या नजरेला जुळेपर्यंत फिरवली.

तळ्याच्या मधोमध ती पायडल मारायची होडी थबकून उभी होती. दोघेही नारिंगी जाकिटं घालून ताठ बसले होते. सरांच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी कवटाळली होती. डॉक्टरांच्या जाकिटाला पोटाजवळ भलताच फुगवटा आला होता. दोघं एकमेकांना लांबचे डोंगर दाखवत होते. एकाने डोंगराकडे पाहिलं की दुसरा आपल्या बाटलीला हात लावून घ्यायचा.

"बिचारे," विहीणबाई म्हणाल्या. पण त्यांचे डोळे चमकत होते, आणि टिल्लूताईंना ती चमक ओळखीची वाटली.

थोड्याच वेळात दुसरी होडी काठावरून निघाली. विहीणबाईंचे लांब पाय जोरात चालत होते, टिल्लूताईंचे पायडलला जेमतेम पोचत होते, त्यामुळे होडी तिरकी तिरकी जात होती. मांडीवर एक टोपली. टोपलीत वरच्या बाजूला रसाची बाटली, खाली रुमालात गुंडाळलेलं दुसरं काहीतरी, ग्लास आणि गाइडकडून मागून घेतलेला बूच काढायचा स्क्रू.

त्यांना येताना पाहून दोघा पुरुषांचे चेहरे उतरले. होड्या एकमेकींना टेकल्या. टिल्लूताईंनी मायेने सांगितलं की तुम्ही उन्हात बसलात, म्हणून रस आणलाय. ग्लास भरून हातात दिले. मग विहीणबाईंनी सुरुवात केली. आजच्या काळात असं निर्व्यसनी घर मिळणं म्हणजे केवढं भाग्य, हे त्यांनी असं काही रंगवून सांगितलं, की काठावरची बदकंही गप्प झाली. आपले डॉक्टर तर वाइनच्या वासानेसुद्धा कसे कासावीस होतात. सरांसारख्या आदर्श माणसाच्या सावलीत आपला मुलगा राहणार, आता मला कसलीच काळजी नाही. सर खाली मान घालून रस पीत होते. डॉक्टरांच्या कपाळावर घाम साचला होता. टिल्लूताई ओठ चावून समोरच्या पाण्याकडे बघत राहिल्या. नवऱ्याकडे पाहिलं असतं तर सगळंच ओमफस झालं असतं.

"तुम्हाला उकडतंय का?" विहीणबाईंनी नवऱ्याला विचारलं. "ते जाकीट जरा सैल करा बघू."

"नको, नको, सुरक्षितता," डॉक्टर म्हणाले आणि आखडून मागे सरकले. तेवढ्याने जाकिटाचा पट्टा सुटला. बाटली पोटावरून घरंगळली, होडीच्या तळाशी आपटली आणि गडगडत सरांच्या पायाशी येऊन थांबली.

सरांनी वाकून बाटली उचलली, लेबल नीट वाचलं. मग पिशवीत हात घालून स्वतःची बाटली काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. वाइन एकच होती.

"डॉक्टर," सर गंभीरपणे म्हणाले, "केवळ माहितीसाठी विचारतो. उघडणार कशाने होतात?"

"तोच तर घोळ झालाय मघापासून," डॉक्टर म्हणाले.

टिल्लूताईंनी टोपलीतून स्क्रू काढून पुढे केला. नवऱ्याचा तो चेहरा त्यांना पुढे कित्येक दिवस आठवून हसू येणार होतं. दोघी एकमेकींच्या आधाराने पुरुषांच्या होडीत आल्या, रस तळ्यात ओतला गेला आणि चौघांनी खऱ्या अर्थाने ओळख करून घेतली. सरांना इतकं मोकळं हसताना टिल्लूताईंनी परक्या माणसांत कधी पाहिलं नव्हतं.

काठाला लागले तेव्हा मुलं धक्क्यावर वाट बघत होती. चौघांनी चेहरे सरळ केले. जावई समाधानाने म्हणाले, "काका, सगळं ठरवून आलो. तुम्हा चौघांचा मान राखायचा म्हणून लग्नाच्या दिवशी हिरवळीवर वाइनचा थेंब येणार नाही. सगळ्यांना फक्त रस."

सरांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"तुझ्या वडिलांना रस बाधतो असं ऐकलं," सर म्हणाले.

"हो, साखर फार," डॉक्टर म्हणाले.

"मग पाणी ठेवू," जावई म्हणाले. "सोपंच झालं."

आता मात्र टिल्लूताईंच्याने राहवेना. वायनरीत लेकीचं लग्न आणि पाहुण्यांच्या हातात पाणी, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. फोनपासून छत्रीपर्यंत काही ठेवलं नाही. जावई ऐकता ऐकता धक्क्याच्या कठड्याला टेकले. लेक मात्र हसली नाही, चिडलीही नाही. ती आईकडे बघत राहिली.

"म्हणजे मी मैत्रिणींकडून येताना मूठमूठ बडीशेप उगाचच चघळत होते?"

"उगाच कशी? तेवढ्यावरूनच तर मला कळायचं," टिल्लूताई म्हणाल्या. "बाबांना नाही सांगितलं कधी."

सर बायकोकडे आणि लेकीकडे आळीपाळीने बघत होते. इतक्यात विहीणबाई पाण्याकडे छत्री रोखून म्हणाल्या, "अहो, आमची होडी."

त्यांची रिकामी होडी तळ्याच्या मध्यावरून आपली आपण पलीकडच्या काठाला चालली होती. दोघींपैकी कुणीच ती बांधून ठेवली नव्हती. होडीवाला कमरेवर हात ठेवून धक्क्याकडे येत होता. जावई जायला निघाले, पण डॉक्टरांनी त्यांना अडवलं. व्याही म्हणून एकत्र करायचं हे आपलं पहिलं काम, असं म्हणून ते सरांचा हात धरून पुन्हा होडीत चढले. पाठोपाठ होडीवालाही चढला आणि मागच्या बाकावर बसला.

लेकीने गाडीच्या किल्ल्या आईच्या पर्समधून काढून आपल्या खिशात टाकल्या आणि सांगितलं की आज मी काहीच घेतलेलं नाही, गाडी मीच चालवणार. मग सगळे धक्क्यावर पाय सोडून बसले. सर पुढे जायला पायडल मारत होते, डॉक्टर मागे. होडी एकाच जागी गोल गोल फिरत होती. सर मोठ्या आवाजात डॉक्टरांना उजवं कोणतं आणि डावं कोणतं ते समजावून सांगत होते, आणि होडीवाल्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.