शेवटच्या खोलीपर्यंत

“फोन पायपाला लाव,” कोंडीबा म्हणाला.

“आबा, पाईप लय तापलाय.”

“मग फडकं धर. पर लाव.”

कुंडलात दिवेलागण होत आली होती. तिकडे अमेरिकेत, लेकाच्या म्हणजे रविराजच्या घरी, सकाळ होती आणि दारात गुडघाभर बर्फ. ते घर बॉयलरच्या वाफेवर तापायचं. कोंडीबानं डोळे मिटून कान दिला. त्याचा बाप मेंढरांमागं फिरणारा. मेंढराच्या खोकल्यावरून दुखणं सांगायचा. कोंडीबानं चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढली आणि तसंच वाफेचं दुखणं ओळखायला शिकला.

टण्. टण्. मग शांत. मग पुन्हा टण्.

“पाणी मारतंय रं. वाफ निम्म्या वाटंत गार पडती, तिचं पाणी हुतं, आन् ते पायपात ठोकरा खातं. बॉयलर घडीघडी बंद पडतोय व्हय?”

“व्हय. चार-पाच मिनिटं पेटतो आन् विझतो. परत पेटतो. मेकॅनिक आठवडाभर यायचा न्हाई म्हणतोय. खालच्या खोल्या बऱ्या हायत, पण प्रांजलच्या खोलीत उभं राहवत न्हाई.”

“कंची खोली तिची?”

“माडीवरची, शेवटची. आईची होती ती.”

कोंडीबाची बायको धोंडुबाई नातीला, प्रांजलला, सांभाळायला म्हणून गेल्या वर्षी कार्तिकात तिकडे गेली होती. माघात न्यूमोनियाचं निमित्त झालं. परत आल्या त्या अस्थी. रविराजनं त्या कृष्णेत सोडल्या आणि आठव्या दिवशी तो परत अमेरिकेत नोकरीवर गेला.

“वाफंला लांबच्या खोलीपतूर जायाला येळ लागतो,” कोंडीबा म्हणाला. “ती पोचायच्या आत आग इझतीया. आग चालू-बंद कोण करतं तुज्याकडं?”

“भिंतीवर डबी हाय, थर्मोस्टॅट. जुन्या डबीला काटा होता. आईला जमायचा न्हाई म्हणून ती यायच्या आधी मीच बटणांची नवी बसवली.”

“तिच्यासंगतीचं पुस्तक आसंल की. त्यात काय काय भरायचं लिवलंय, वाच एकेक.”

रविराज पानं उलटत मोठ्यानं वाचत गेला. तारीख, वार, अंश. मग म्हणाला, “तासाला किती वेळा पेटवायचं. गरम हवेला पाच, गरम पाण्याला तीन, वाफेला एक.”

“तुजं कितीवर हाय?”

फोनमध्ये बटणं वाजली.

“पाचवर,” रविराज म्हणाला. “आबा, आईच्या वेळीबी पाचवरच होतं.”

कोंडीबाच्या कानात तो टण् टण् अजून होता. आता त्याला तो आधी कुठं ऐकला ते आठवलं. मार्गशीर्षातल्या एका फोनमध्ये धोंडुबाई म्हणाली होती, “आवं, कुणासंगं एक घोंगडं धाडा की. हितं हाडं गारठत्यात.”

“अमेरिकंत घोंगडं? पोराला लाज आणतीस व्हय?” तो हसला होता. “आन् मागं काय वाजतंय गं?”

“शेजारी सुतारकाम निघालंय जणू. सारखं ठोकत्यात.”

आणि चौतीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसानं ते खरं मानलं होतं. लेकाच्या घरात आपल्याला थंडी वाजते हे बाईनं तेवढं एकदाच सांगितलं. सुनेला तर तेवढंही सांगितलं नसेल.

“आबा, हायसा न्हवं?”

“हाय. ऐक. तुज्या आईची छाती आधीपासनं कच्ची हुती. डाक्टरनं लिवून दिलंय. डबीचा काय संबंध?”

“पण आबा...”

“आदी डबीत पाचाचं एक कर. पोरगी गारठलीया तितं.”

रविराजनं आकडा बदलला. कोंडीबानं त्याला फोन घेऊन माडीवर जायला सांगितलं. खोली तापवणाऱ्या लोखंडी पेटीच्या कडेला हवा सुटायचं बारीक भोक असेल, त्याच्यापाशी बस म्हणाला. “आदी हवा निगंल, सूं करून. वाफ पोचली की आपसूक मिटंल. तवर बोलू नगंस.”

वीस-पंचवीस मिनिटं दोघंही गप्प होते. कुंडलात अंधार पडला, कोंडीबा दिवा लावायला उठला नाही. मग फोनमधून बारीक सूं ऐकू आलं, वाढत गेलं आणि टिक करून थांबलं.

“आजोबा, गरम झालं,” प्रांजल म्हणाली.

“हात लावू नगंस बाळ, भाजंल.”

फोन बंद झाल्यावरही तो थोडा वेळ कानालाच राहिला.

बायकोला हसला होता खरा, पण दुसऱ्याच आठवड्यात त्यानं आटपाडीच्या बाजारातून काळंभोर घोंगडं आणलं होतं. तिकडे जाणारं माणूस मिळेना. एक मिळालं, तर त्याच्या हातात घोंगडं द्यायची लाज वाटली. ते घडी करून खुंटीवर राहिलं, वर्षभर.

शेजारचा ज्ञानू दूध घेऊन आला. अंधार बघून त्यानंच बटण दाबलं. कोंडीबा विरलेली चादर लपेटून भिंतीला टेकला होता.

“आवं आबा, येवढं नवंकोरं घोंगडं खुंटीला आन् तुमी चादरीत कुडकुडताय व्हय?”

“ते दुसऱ्याचं हाय,” कोंडीबा म्हणाला. “दूध ठेव तितं.”