आठवी आसरा

"तुमच्यात काय म्हनत्यात त्यास्नी?" कमरेला दोर बांधता बांधता वाहेदनं विचारलं.

"कुनाला?" आप्पाराव म्हणाला.

"खाली ऱ्हातेत त्या बायांना. दुसऱ्याच नावानं हाक मारली की फुगून बसत्यात."

चौसाळ्याचा वाहेद विहिरींतल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. विहिरीत उतरण्याआधी त्या घरात चालणारं नाव विचारून घ्यायचा, त्या नावानं पाण्याला सलाम करायचा आणि मगच पायरीला पाय लावायचा. धर्मापुरीकडं मावलाया, कपिलधारच्या वाटेला जलदेवी, घरात टीव्ही मोठा असेल तर जलपरी. त्याची आई मदिनाबी नुसतं परी म्हणायची, तेही दबक्या आवाजात. वर आल्यावर चहाबरोबर एक थाप ठरलेली. एका परीनं म्हणे त्याचा पान्हा लपवला आणि निकाहाचं कबूल करून घेतल्यावरच परत दिला. दुसरीनं मोटारीच्या जाळीत पैंजण अडकवून ठेवलं, तेही मुद्दाम. वाहेदच्या बोलण्यातलं पाणी काढलं तर खाली गाळसुद्धा उरायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी चहा दुसऱ्यांदा यायचा.

आप्पाराव मात्र हसला नाही. विहिरीच्या काठावर भर उन्हात बसलेल्या त्याच्या बायकोनं उत्तर दिलं.

"आसरा म्हनतो आमी. साती आसरा. आन् आता आमची अंजू."

वाहेदनं जीभ चावली. मागच्या उन्हाळ्यात याच विहिरीतून आप्पारावची पोरगी काढली होती. गावात तेव्हापासून दोन बोल होते. आसरांनी नेली, देखणी पोर त्यांच्या नजरेत भरली, हा एक, तो तोंडावर. जीव दिला, हा दुसरा, तो पाठीमागं. सारजाबाई पहिल्या बोलावर दिवस काढत होती. तिच्या पुढ्यात शेंदूर लावलेले दगडाचे सात गुंडे होते आणि शेवटच्याच्या शेजारी सारवून ठेवलेली रिकामी जागा.

"वाहेदभाई, खालून एक गुंडा आना. तिच्या हाताखालचा. आठवा मांडते."

"आधी मोटार बघू दे त्याला," आप्पाराव भलतीकडं बघत म्हणाला.

"आनतो, वैनी," वाहेद म्हणाला आणि आसरांच्या नावानं सलाम करून उतरला.

खाली पाणी छातीला लागलं. मोटार गाळात रुतली होती. त्यानं जाळी चाचपली, तर कापड हाताला लागलं. ओढलं तसं सुटत सुटत वर आलं. पोपटी ओढणी, कुजून चालली होती. एक टोक मोकळं होतं. दुसऱ्या टोकाच्या गाठीत दगड होता. बांधावरचा, काळा, धारेचा. विहिरीच्या तळाला असा दगड नसतो. वरून कुणी बांधून आणला तरच येतो.

वाहेद तसाच उभा राहिला. वर आभाळाचा गोल तुकडा आणि त्याच्या कडेला सारजाबाईचं डोकं.

"घावला का वो?"

"बघतोय."

त्यानं दातांनी गाठ सोडली. दगड पायानं गाळात दाबला, ओढणी पिळून कपारीत हात जाईल तितकी आत कोंबली. मग वाकून, नाकातोंडात पाणी जाईस्तोवर चाचपत, एक गुळगुळीत गुंडा शोधला.

आप्पारावनं दोर ओढून त्याला वर घेतलं. "लई येळ लागला."

"गाळ लई हाय, आप्पा."

सारजाबाईनं गुंडा पदरात घेतला, पुसला, शेंदूर लावला आणि सारवलेल्या जागी ठेवला. मग मान वर न करता विचारलं, "दिसली?"

आयुष्यभर न विचारता थापा मारलेल्या माणसाला ओठ ओले करावे लागले.

"दिसली. हिरवा चुडा भरलाय. सातीजनी येनी घालीत व्हत्या तिची."

"माजं काय म्हनली?"

"आईला म्हनावं, उन्हात बसू नको."

आप्पारावनं बटन दाबलं. मोटारीनं आधी गढूळ पाणी ओकलं. दोर गुंडाळायला तो वाहेदजवळ आला, तेव्हा वाहेदच्या मनगटाला चिकटलेला पोपटी धागा त्याला दिसला. बराच वेळ तो बघत राहिला. मग दोन बोटांनी त्यानं तो अलगद काढून घेतला. चहा आला, निवून गेला.

सारजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि लिंबाच्या सावलीला जाऊन बसली. आप्पाराव तिथंच उन्हात उभा राहिला, धागा बोटाला गुंडाळत.