दहा चिमट्यांचा डाव

आजारपणानंतर बाबांच्या उजव्या हाताची मूठ वळेनाशी झाली. शिंप्याचा हात तो! कात्री धरता येईना, तसं त्यांना घर खायला उठलं. व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला द्या. खेळ म्हणून."

मी खिडकीत दोरी बांधली. दहा चिमटे त्यांना, दहा मला. ज्याचे आधी लावून होतील तो जिंकला. अंगठा आणि एका बोटाने चिमटा दाबेपर्यंत बाबांना घाम फुटायचा. मी आपली रमतगमत लावायचे, हरायचे, वर टाळ्याही वाजवायचे.

चौथ्या दिवशी बाबांनी चिमटे ढकलून दिले. "तू मुद्दाम हरतेस. हा काय खेळ आहे? साखर लावलेलं औषध आहे हे."

माझं डोकंच फिरलं. एक तर यांच्यासाठी मरमर करा, वर बोलणी खा! पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

दुपारी आत्या आली. बाबांची धाकटी बहीण. साठी उलटली तरी रडीचा डाव खेळण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

"मी खेळते," ती म्हणाली.

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "आत्या, बाबांना जिंकू दे हं."

"का म्हणून? त्याने मला कधी जिंकू दिलंय?"

पहिला डाव तिने मारला. दुसराही. वर बाबांना वेडावून दाखवलं. बाबा लालबुंद झाले. "पुन्हा!"

तिसऱ्या डावात बाबांचे आठ लागले, तिचे सात. आनंदाने मलाच बसवेना. बाबांनी पुढचा चिमटा घ्यायला खाली पाहिलं. दोन उरायला हवे होते, होता एकच. आत्या खिडकीबाहेर बघत होती, एवढ्या साळसूदपणे की माझी खात्रीच पटली.

"चोरटे!" बाबा ओरडले आणि त्यांनी तिचं मनगट पकडलं.

उजव्या हाताने. पाचही बोटांनी, घट्ट.

मी तोंडावर हात ठेवला. आत्याने मनगटाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"सोड ना रे दादा, दुखतंय," ती हसत रडत म्हणाली.

बाबांचं हाताकडे लक्षच नव्हतं. "आधी माझा चिमटा दे!"